बिननाडीचे बूट

नोकरीवर हजर व्हायला गेलो त्या दिवशी साहेबांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे गुण मी दोन्ही हातांनी पुढे धरले होते. ते त्यांनी घेतले, न वाचता टेबलावर ठेवले आणि विचारलं, "हे काय घातलंय?"

मी खाली पाहिलं. टायरच्या वहाणा होत्या. भोरच्या बाजारातल्या, चांगल्या, आमच्याकडे सगळेच घालत तशा.

"वहाणा," मी म्हणालो.

"ते दिसतंय मला. सरकारी माणूस दारात उभा राहिला, की लोकांना कळलं पाहिजे सरकारी माणूस आलाय. पुढच्या वेळी बूट."

"हो साहेब," मी म्हणालो. त्या काळात मी सगळ्यालाच हो म्हणत असे.

नोकरी मलेरियाची होती. साहेबांची कचेरी भोरला आणि माझा भाग वेल्ह्याकडचा, डोंगराच्या अंगावर विखुरलेल्या वाड्यांचा. घरोघर जायचं, कुणाला ताप येऊन गेला का विचारायचं. आला असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, कडू गोळ्या डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या, दाराजवळच्या भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढचं घर. एस.टी. जिथं थांबे तिथून पुढं सगळं पायी. लोक मला 'रगतवाला' म्हणत.

नोकरी तात्पुरती होती. पावसाळाभर काम बघतो, मग कायम करायचं की नाही ते सांगतो, असं साहेबांनी बजावलं होतं. कायम झालो असतो तर बी.ए.ची उरलेली वर्षं बाहेरून परीक्षेला बसून पुरी करता येणार होती. पुण्यात राहून शिकणं आम्हाला एका वर्षातच झेपेनासं झालं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आणि इतक्या लवकर उतरलेलाही पहिलाच, असं आमचे मामा म्हणत.

बुटांची सोय मामांनीच केली. ते खडकीला कारखान्यात होते आणि तिथं त्यांना बूट मिळत. त्यांतला एक जोड ते घेऊन आले. काळेकुट्ट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पुढं बोटांवर लोखंडी वाटी बसवलेले. एकेका बुटाला एवढी भोकं आणि त्यांतून एवढी लांब नाडी, की आईनं विचारलं, "ह्ये पायात घालायचं का बैल बांधायचं?"

"अक्का, वरनं लोखंडाचा गोळा पडला ना, तरी पायाला कळायचं न्हाई," मामा अभिमानानं म्हणाले.

वेल्ह्याच्या डोंगरात माझ्या पायावर लोखंडाचा गोळा कोण टाकणार होतं, हे मी विचारलं नाही. बूट मला मोठे होत होते, तेही सांगितलं नाही. पुढच्या वाटीत जुनी वर्तमानपत्रं कोंबली आणि कामाला लागलो.

चालायला ते बूट वाईट होते असं मी म्हणणार नाही. पावसाच्या चिखलात एकेक पाय उपटून काढावा लागे, पण पाय शाबूत राहिले. अडचण चालताना नव्हती, थांबताना होती. आपल्याकडे कुणाच्या घरात पायताण घालून जात नाहीत. शेणानं सारवलेली जमीन, एका बाजूला उखळ, पलीकडे चूल. तिथं बूट घालून कलेक्टर आला तरी त्याला लोक बाहेर काढतील. म्हणजे प्रत्येक दारात बूट काढायचे आणि प्रत्येक दारात घालायचे. दारात पोचायचं, पिशवी खाली ठेवायची, वाकायचं, गाठ सोडायची, नाडी एकेका भोकातून सैल करायची, मग दुसरा पाय. तोवर आतून आवाज यायचा, "आला गं बया रगतवाला!" आणि मागचं दार करकरायचं.

वेल्ह्याकडच्या घरांना मागचं दार असतंच. माझा एक बूट निघेपर्यंत घरातली पोरं जात, दुसरा निघेपर्यंत बाया जात. मी आत शिरे तेव्हा तिथं फक्त एखादं मांजर बसलेलं असे. मांजराला ताप आहे का, हे आमच्या खात्यात विचारत नसत.

सगळ्यांत वरच्या वाडीत एक म्हातारी होती. तिला दिवसाआड हुडहुडी भरून ताप येतो, असं खालच्या घरातल्या बाया सांगत. पण म्हातारी काही मला सापडेना. दर खेपेला मी मामांचे बूट सोडून आत जाई तेव्हा चुलीजवळ तिची गोधडी पडलेली असे. मी हात लावून पाही. गोधडी गरम असे. म्हातारी नसे. मागं करवंदाच्या जाळ्यांत काहीतरी हलल्यासारखं वाटे आणि तिकडून खोकला येई.

"आजी," मी जाळीकडे तोंड करून म्हणे, "फक्त एक थेंब."

जाळी गप्प होई.

एकदा साहेबांनी मला भोरला बोलावलं. "वरच्या वाडीत ताप आहे असं सगळे सांगतात. तुमच्याकडून तिथली एकही काच आली नाही. तुम्ही तिथं जाता तरी का?"

"जातो साहेब."

"मग?"

मला बुटांची गोष्ट सांगायची होती. पण बुटाच्या नाडीमुळे सरकारचं काम अडलंय हे साहेबांसमोर म्हणायला जीभ रेटेना. शिवाय बूट त्यांनीच घालायला लावले होते.

"पावसाळा सरला की मी स्वतः तुमच्याबरोबर त्या वाडीत येणार," ते म्हणाले. "तेव्हा बघू. त्यावरच काय ते ठरवू."

तिथून मी घरी गेलो. आमची वस्ती आंबवड्याच्या अलीकडे, गावापासून जरा बाजूला. मूळ नाव वेगळं होतं. लोकांनी बुद्धधर्म घेतल्यापासून बौद्धवाडा म्हणू लागले. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. म्हातारी, गोधडी, करवंदाची जाळी. आई हसून हसून बेजार झाली. आबा हसले नाहीत. त्यांनी घास ताटात ठेवला.

"म्हंजी तू दर दाराला वाकतोस?"

"बूट सोडायला वाकावं लागतं, आबा."

"दर दाराला?"

"हो."

आबांनी ताट बाजूला सरकवलं. त्यांच्या वडलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, चावडीपुढून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. हे मला आबांनी कधी नीट बसून सांगितलं नव्हतं. मधूनमधून, दुसरंच काहीतरी बोलताना, ते त्यात येऊन जाई.

"काढ," शेवटी ते म्हणाले. "घर त्येंचं हाय, पायताण काढायचंच. आपल्यात बी काडत्यात. पन वाकायचं न्हाई. बिननाडीचं बूट घ्यायचं."

"मामांनी एवढे दिलेत..."

"ते मामाला परत दे. त्येच्यावर पडू दे लोखंडाचा गोळा."

पावसाची उघडीप बघून आम्ही दोघं भोरच्या बाजाराला गेलो. दुकान होतं छोटंसं, पण आत गादी, गादीवर पांढरी चादर, आणि भिंतीला लावलेला एक आरसा, ज्यात फक्त गुडघ्याखालचं दिसे. दुकानदार गोड बोलणारा होता. त्यानं आबांचं मुंडासं पाहिलं, माझी पँट पाहिली आणि म्हणाला, "लग्न ठरलं वाटतं!"

"नोकरी," आबा म्हणाले. "डोंगरातली. बिननाडीचं दाखवा."

"बिननाडीचे म्हणजे पंप शू. आहेत की!" त्यानं एक चकचकीत जोड काढला. एवढा चकचकीत की त्यात दुकानाचं छप्पर दिसत होतं. पुढं फुलपाखरासारखी गाठ बसवलेली. तळ इतका पातळ की आबांनी तो अंगठ्यानं दाबला तर अंगठ्याचा ठसा वर उमटला.

"ह्ये किती चालंल?"

"मांडवातून घरापर्यंत आरामात."

दुसरा जोड आला तो तपकिरी. पायात घालून मी गादीवर उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "चाला ना." मी चाललो. म्हणजे उड्या मारल्या. दोन्ही बूट एकमेकांना दोऱ्यानं बांधलेले होते आणि तो दोरा तोडा असं सांगायला मला संकोच वाटत होता. विकत घ्यायच्या आधी दोरा तोडायची रीत असते की नाही, मला माहीत नव्हतं. गादीच्या त्या टोकाला पोचलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "काय हो, घट्ट होतात का?"

"नाही, चांगले आहेत," मी म्हणालो.

आबा उठले, खाली बसून त्यांनी दातानं दोरा तोडला. "आता चाल."

आता चाललो तर बूट वाजले. कर्र, कर्र, कर्र. आबांचा चेहरा एकदम खुलला.

"ह्येच द्या!"

"आबा, हे वाजतात."

"मग? वाजाय नगंत व्हय? मानूस येतोय त्ये कळलं पायजे. गपगुमान किती पिढ्या चालायचं?"

दुकानदार म्हणाला, "हौशी लोक मुद्दाम वाजणारे मागतात. तळात खास बसवून घेतात."

मी आबांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की हे बूट घालून गेलो तर म्हातारी मी ओढ्यापाशी असतानाच जाळीत जाऊन बसेल. लोखंडी वाटीचे बूट निदान गप्प तरी होते. आबांना ते पटलं, पण वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यांनी तो तपकिरी बूट हातात घेऊन दोन-तीनदा वाकवला, कानाजवळ नेऊन ऐकला आणि परत केला.

तिसरा जोड दुकानदारानं अगदी मागून काढला. काळे, साधे. घोट्याच्या दोन्ही बाजूंना ताणणारी रबरी पट्टी. पाय घालायचा, टाच दाबायची, झालं. तळाला जाड रबर. दिसायला असे, की कचेरीत साहेबांच्या टेबलापुढं उभं राहायला लाज नाही आणि चिखलात घालायला जीव तुटणार नाही. आबांनी ते उलटे केले, टाक्यांवर नख फिरवलं, वास घेतला. मग मला घालायला सांगितले.

"कसं वाटतंय?"

"चांगले आहेत."

"तू दोरा बांधल्याले बी चांगले म्हनत हुतास. गादीवर काय कळतंय? गादीवर चालायची नोकरी हाय का तुजी? जा, नदीच्या पुलापतुर जाऊन ये. दगडावनं जा."

दुकानदार चमकला. "अहो, असं बाहेर कसं देऊ? घेऊन गेले म्हणजे?"

"पोरगा कॉलेजात शिकल्याला हाय," आबा म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो."

यावर आबा गादीवर मांडी घालून बसले. "म्या बसतो हितं. त्यो आला न्हाई तर मला इका."

मी पुलाकडे निघालो. असा चाललो की वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाला माझे पाय दिसत असतील असं वाटत होतं. दगडांवरून चाललो, उतारावर चाललो, एका भिंतीआड कुणी नाही असं बघून पाच-सहा वेळा बूट काढले आणि घातले. हात लावावा लागला नाही. उजव्या पायाला पुढं जरा आवळत होतं, तेवढंच. परत येताना मनात एक भलतीच शंका आली, की दुकानदार तोवर आबांना काही अपमानाचं बोलला तर? मी पाय उचलले. दुकानात शिरलो तर आबा आणि दुकानदार चहा पीत होते आणि आबा त्याला मांडवातले बूट कसे पातळ असतात हे ऐकवत होते.

"कसं हायत?"

"उजवा जरा आवळतो," मी म्हणालो. खरं बोललो म्हणून माझं मलाच बरं वाटलं.

"आता पटलं," आबा म्हणाले आणि बूट घेतले.

आवळण्यावर आईकडे उपाय होता. तिनं हरभरे पाण्यात बुचकळून उजव्या बुटात ठासून भरले. रात्रभर फुगले की चामडं ताणतं. ते खरंच ताणलं. सकाळी हरभरे उलथण्यानं खणून काढावे लागले, आणि सगळे निघाले असं आम्हाला वाटलं. वेल्ह्याला परत गेल्यावर बूट पुन्हा आवळू लागला. मी विचार केला, नवीन आहे, चावणारच. एरंडेल लावलं, चिंध्या लावल्या, लंगडत डोंगर चढलो. शेवटी एका घराच्या अंगणात बूट काढून ठेवले असताना एका कोंबडीनं त्यात मान घातली आणि एक सुकलेला हरभरा घेऊन पळाली. त्यानंतर बूट पुन्हा कधी चावला नाही.

आता माझं काम वाढलं. दारात पोचलो की एक टाच दुसऱ्या पायानं दाबायची, पाय बाहेर. दुसरा, तसाच. पिशवी खांद्यावरच. पोरं निम्म्या वाटेत सापडू लागली, बाया मागच्या दाराच्या कडीला हात घातलेल्या सापडू लागल्या. "अगं बया, आज पाखरागत आला की रं!" म्हणत बोट पुढं करू लागल्या. काचा भोरला जाऊ लागल्या.

पण म्हातारी सापडेना. याला कारण बूट नव्हते, मीच होतो. बूट निघाले की मी उंबऱ्यापाशी उभा राही, घसा साफ करी आणि म्हणे, "येऊ का आत?" इतर घरांतून "या" असं येई, कुठं कुठं "हितंच बसा वटीवर" असं येई, आणि मी ओटीवर बसे. म्हातारीच्या घरातून काहीच येत नसे. मी पुन्हा विचारी. "आजी, येऊ का?" आणि तेवढ्यात मागचं दार वाजे. मला कळत होतं की विचारायला नको. पण दुसऱ्याच्या घरात न विचारता पाऊल टाकायचं, त्यातून आमच्या वस्तीतल्या माणसानं, चूल असलेल्या खोलीत, हे पायांना जमत नव्हतं. बूट सुटत, पाय सुटत नसत.

पाऊस ओसरला आणि साहेब जीप घेऊन आले. जीप रस्ता संपेपर्यंत आली, पुढं आम्ही दोघं चालत निघालो. साहेबांच्या पायांत तपकिरी बूट होते, नाडीचे, नुकतंच पॉलिश केलेले. मी ते नुसते पाहून घेतले. त्यांनी मात्र माझ्याकडे बघून म्हटलं, "हां, आता कसं! बूट घेतलेत तर."

मधे ओढा लागला. मी बूट काढून हातात घेतले आणि पाण्यातून गेलो. आबांनी मला बूट हातात घेऊन चालताना पाहिलं असतं तर त्या ओढ्यालाही चार शब्द सुनावले असते. साहेबांना नाड्या सोडायचा कंटाळा आला. ते दगडा-दगडांवरून आले आणि शेवटच्या दगडावरून दोन्ही पायांनी पाण्यात उतरले. बूट पचपचत ते वर आले आणि म्हणाले, "चला, चला, काही नाही."

खालच्या घरांत दर दाराला साहेब वाकून ओल्या नाड्या सोडत, पुन्हा बांधत. एकेका घरी गाठ जास्त आवळत चालली. वरच्या वाडीत म्हातारीच्या दारात पोचलो तेव्हा आतून खोकला ऐकू आला. साहेबांनी मला डोळ्यानं खूण केली, म्हणजे आहे ती आत. आणि पायरीवर बसून ते नाडीशी झटू लागले. मी बूट काढून उंबऱ्यापाशी उभा राहिलो. सवयीनं घसा साफ केला.

"कोन हाय?" आतून आवाज आला. मग गोधडी झटकल्याचा आवाज.

साहेबांचा एक बूट निघाला होता, दुसऱ्याची गाठ दगडासारखी झाली होती. त्यांनी मान वर केली, चेहरा लाल. "अहो बघता काय? जा ना! जा!"

माझी नोकरी, माझं बी.ए., सगळं त्या मागच्या दारातून करवंदाच्या जाळीत चाललं होतं. मी विचारलं नाही. धावलो. ओटी, मग आतली खोली, उखळ ओलांडून, चुलीपुढून. मागच्या दारात म्हातारीचा एक पाय बाहेर आणि एक आत होता. मला बघून ती तशीच थांबली. मीही थांबलो. अंगावर लुगड्याचं दुहेरी पांघरूण आणि दात वाजत होते. तिचे, आणि मला वाटतं माझेही.

"चुलीपुढनं आलास?" ती म्हणाली.

मी खाली माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"कुनाचा रं तू?"

या प्रश्नाची मला लहानपणापासून भीती. "सरकारचा," मी म्हणालो.

"सरकारला काय आय-बाप नसत्यात व्हय? कुनाचा, इचारतीय."

मग मी सांगितलं. आंबवड्याच्या अलीकडचा, बौद्धवाड्यातला, आबांचं नाव, सगळं. पोराला शाळेत विचारावं आणि त्यानं एका दमात म्हणून टाकावं तसं. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. बाहेरचा पाय आत घेतला. आणि चुलीपाशी येऊन बसली.

"बस की मग. उभ्यानं टोचतोस का? थंडीनं हाडं खुळखुळत्यात माजी. हळू टोच."

मी बसलो. बोट पुसलं, सुई टोचली, काचेवर थेंब घेतला. तिनं डोळे मिटून घेतले होते. "झालं?" म्हणाली. "झालं." "एवडंच?" "एवढंच." "मग इतकी वरीस... न्हवं, इतका पावसाळा मला काट्यात कशापाई बसिवलंस मुडद्या?"

एवढ्यात दारात साहेब दिसले. एका पायात मोजा, दुसऱ्या पायात बूट, तसेच उंबरा ओलांडायच्या बेतात.

"ए बाबा!" म्हातारी तापातसुद्धा कडाडली. "बूट घालून चुलीपाशी येतोस? लाज न्हाई वाटत? हितं रांधतोय आमी!"

"अहो, गाठ सुटत नाही..."

"मग बस भाईर. ह्यो पोरगा बघ, कसा रीतीनं पाय मोकळं करून आला."

साहेब एका पायावर तोल सांभाळत मागं सरकले आणि ओटीवर बसले. म्हातारीनं गोळ्या माझ्यासमोर गिळल्या, तोंड वाकडं केलं, सरकारला एक शिवी दिली. मी भिंतीवर तारीख टाकली. बाहेर येऊन मी माझ्या बुटांत पाय सरकवले. साहेब अजून आपल्या बुटाकडे बघत होते. त्यांनी शेवटी ती गाठ माझ्या पिशवीतल्या ब्लेडनं कापून टाकली आणि उतारभर तो बूट पायात खुळखुळत आला.

जीपमध्ये ते परत परत त्या नाडी कापलेल्या बुटाकडे बघत होते. नसरापूर मागं पडलं, कापूरहोळ आलं. मला वाटलं, संपलं. साहेबांना म्हातारीकडून बोलणी बसली ती माझ्या समोर, आता मला ते कशाला कायम करतील? तेवढ्यात ते म्हणाले, "हे बूट कुठून घेतलेत?"

"भोरला."

"दुकान दाखवा."

दुकानदारानं साहेबांना पाहिलं आणि आधी चकचकीत जोडच काढला. मीच म्हणालो, "ते नकोत. मागे काळे आहेत, ते दाखवा." दुकानदारानं काढले. साहेबांनी घातले आणि गादीवर दोन पावलं टाकली. "चांगले वाटतायत."

"साहेब, गादीवर कळत नाही," मी म्हणालो. हे मी कसं बोललो, मला अजून कळत नाही. "पुलापर्यंत जाऊन या. दगडावरून."

साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि मग खरंच गेले. दुकानदार त्यांना काही म्हणणं शक्यच नव्हतं, पण ते वळणावर दिसेनासे झाले तशी त्याची नजर माझ्यावर आली. मी न सांगताच गादीवर मांडी घालून बसलो. त्यानं चहा मागवला. "तुमचे वडील बरे आहेत ना?" म्हणाला.

साहेब परतले ते हसतच. "बांधून द्या," दुकानदाराला म्हणाले, आणि मला, "तुमचा कायमचा कागद या आठवड्यात पाठवतो. परीक्षेला रजा लागेल ना? आधी कळवत जा." मी "हो साहेब" म्हणालो. यावेळी मनापासून.

तिथून मी घरापर्यंत जवळजवळ पळतच गेलो. आई दारात होती, तिला सांगितलं. ती आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली. आबा गोठ्यातून आले, हात धुतले, ओट्यावर बसले. मी सगळं क्रमानं सांगितलं. ओढा, ओल्या नाड्या, म्हातारी, चूल, साहेब एका बुटावर. दुकानात साहेबांना बिननाडीचे बूट निवडून दिले आणि कायम झालो, तेही सांगितलं. आबांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष मागंच कुठंतरी अडकलं होतं.

"त्यो साहेब," ते म्हणाले, "दर दाराला वाकत हुता?"

"हो. दर दाराला."

"सगळ्या वाडीम्होरं?"

"हो आबा. नाडीचे बूट ना त्यांचे."

आबांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, सावकाश चघळला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू कॉलेजात घातलेलं सगळं वर्ष वाया गेलं.

"मग त्येला बिननाडीचं कशापाई घिऊन दिलंस?"